स्पाइन मोजायचं साधन घरीच कर

चि. सायली हिस,


बाणावर 500 छापलेलं आहेच, मग पुन्हा मोजायचं कशाला, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र. आधी तो आकडा काय सांगतो ते पाहा. 28 इंचांवर दोन टेकू, त्यांवर आडवी ठेवलेली शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, आणि मधोमध टांगलेलं 1.94 पौंड, म्हणजे 880 ग्रॅम वजन. शाफ्ट अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर, खाली आली तर तिचा स्पाइन, म्हणजे ताठपणाचा आकडा, 500. हा इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला बाक आहे, म्हणून आकडा मोठा तितकी शाफ्ट लवचीक. लाकडी बाणांचा जुना हिशेब नेमका उलटा आहे. तिथे टेकू 26 इंचांवर, वजन 2 पौंड, आणि 26 ला इंचांतल्या बाकाने भागलं की पौंडांत स्पाइन मिळतो. आकडा मोठा तितकी शाफ्ट ताठ. तू इंडियन राउंडच्या बांबूच्या धनुष्यावरून रिकर्व्हवर येते आहेस, तेव्हा ही गल्लत तुझ्याकडून सहज होईल हे ध्यानात ठेव. जुन्या पद्धतीने मोजलेला बाक 1.21 ने गुणला की नव्या पद्धतीचा बाक येतो.

छापलेला 500 हा त्या जातीच्या शाफ्टचा आकडा आहे, तुझ्या हातातल्या एका शाफ्टचा नव्हे. बोटांनी दोरी सोडताना ती सरळ पुढे जात नाही, थोडी बाजूला सरकते. त्या धक्क्याने बाण वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून निघतो. याला ‘आर्चर्स पॅरॅडॉक्स’ म्हणतात, आणि 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान चित्रणात हे वाकणं प्रत्यक्ष दाखवलं. उजव्या हाताच्या धनुर्धराचा बाण गरजेपेक्षा ताठ असला तर डावीकडे जातो, मऊ असला तर उजवीकडे. आता बारा बाणांत तीन थोडे मऊ असले, तर टार्गेटवर जे पसरलेलं दिसतं ते तुझ्या दोरी सोडण्याचं की बाणांचं, हे कसं ठरवणार? चुकीच्या कारणावर महिनोन्‌महिने सराव होतो, ही खरी हानी आहे. म्हणून तुला नेमका आकडा कमी आणि बारा बाणांचा सारखेपणा जास्त हवा. सारखेपणा तपासायला महागडं यंत्र लागत नाही, कारण साधनात असलेली ठरावीक चूक बाराही बाणांना सारखीच लागू होते.

तरी साधन ढिलं करू नकोस. कुठली चूक किती महागात पडते हे कळलं, की मेहनत कुठे घालायची तेही कळतं. बाक टेकूंमधल्या अंतराच्या घनाने वाढतो. 28 इंचांच्या, म्हणजे 711.2 मिलिमीटरच्या अंतरात 1 मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर 500 स्पाइनच्या शाफ्टमध्ये जेमतेम 2 आकड्यांचा फरक पडतो. वजनात 10 ग्रॅम चुकले तर 5-6 आकडे जातात. म्हणजे टेपाने नीट मोजलेलं अंतर पुरेसं आहे, पण वजन मात्र वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर हुक आणि दोरीसकट तोलून घे. वाळू भरलेली पाण्याची बाटली आणि सायकलच्या स्पोकचा हुक, एवढ्यात वजनाचं काम भागतं. टेकूंसाठी लहान बॉल बेअरिंग घे. शाफ्ट वाकली की तिची टोकं आत सरकतात, आणि खिळ्यावर ती घासून अडखळतात. बेअरिंगच्या दोन्ही अंगांना मोठे वॉशर लावलेस तर शाफ्ट बाजूला घरंगळत नाही. टेकू ज्यावर बसवायचे तो पाट जाड आणि सरळ असू दे, टेबलावर घट्ट टेकलेला, फक्त टेकूंची कड टेबलाबाहेर, म्हणजे बाटली मोकळी लोंबेल.

वाचन कशाने घ्यायचं इथे बहुतेकांची फसगत होते. डायल गेज चांगलं दिसतं, पण नेहमीच्या डायलची धाव 10 मिलिमीटर, आणि 500 ची शाफ्ट 12.7 मिलिमीटर उतरते. शिवाय त्याची स्प्रिंग शाफ्टवर आपला जोर लावते. त्यापेक्षा साधं डिजिटल कॅलिपर पाटावर उभं घट्ट बसव. जबडा शाफ्टच्या वर आणून मधे कागदाची पट्टी धर; पट्टी ओढताना किंचित अडू लागली की तिथे शून्य कर. वजन टांगून पुन्हा तसंच वाच. 0.1 मिलिमीटर म्हणजे 4 आकडे, आणि कागदाची पट्टी याहून बारीक फरक दाखवते.

यावर तू म्हणशील, घरच्या साधनावर विश्वास कसा ठेवायचा? त्यालाच परीक्षा द्यायला लाव. निम्मं वजन, 440 ग्रॅम, टांगलंस तर बाक निम्माच यायला हवा; नाही आला तर कुठेतरी घर्षण आहे किंवा काहीतरी हलतं आहे. दुसरी परीक्षा 5 मिलिमीटर जाडीच्या सरळ पोलादी सळईची. 880 ग्रॅमखाली ती सुमारे 10.5 मिलिमीटर वाकते. सळईची जाडी मात्र आधी कॅलिपरने मोज, कारण जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो, आणि 4.95 ची सळई 5 ची समजलीस तर 4 टक्के तिथेच चुकतात. विकतच्या यंत्राचीही अशी परीक्षा करावीच लागते, मग स्वतः बांधलेल्याला कमी का लेखायचं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाण उडताना कसा वागेल हे त्याची लांबी, पॉइंटचं वजन आणि धनुष्याची ताकद ठरवते. टेकूंवर पडलेली शाफ्ट ते सांगत नाही. खरं आहे, आणि म्हणूनच बिनपिसाचा बाण मारून पाहायची चाचणी लागते. पण त्या चाचणीत बिनपिसाचा बाण पिसांच्या बाणांशी ताडायचा असतो. तोच मुळात वेगळ्या स्पाइनचा निघाला तर सगळी चाचणी खोटी बोलते. आधी सारख्या शाफ्ट निवड, मग मैदानावर जा.

शाफ्ट कापण्याआधी मोजणं उत्तम. कापून 28 इंचांहून आखूड झाल्या असतील तर टेकू 25 इंचांवर आण आणि आलेला बाक 1.405 ने गुण. कार्बनची शाफ्ट पाव-पाव फिरवून चार बाजूंनी वाच, कारण ती सगळीकडून सारखी ताठ असेलच असं नाही. सर्वांत ताठ बाजूवर पेन्सिलीची खूण कर आणि बाराही नॉक, म्हणजे दोरीत बसणाऱ्या खाचा, त्या खुणेशी एकाच तऱ्हेने बसव. लाकडी बाण मोजायचे असतील तर लाकडाचे थर उभे ठेवून मोज, आणि पावसाळ्यातलं वाचन उन्हाळ्यातल्या वाचनाशी ताडू नकोस. ओल धरलेलं लाकूड मऊ पडतं.

बारा शाफ्टवर क्रमांक घालून प्रत्येकीची चार वाचनं वहीत लिही, आणि सळईचं वाचन पहिल्या ओळीत. तो कागद मला पाठव. कुठल्या आठ स्पर्धेच्या आणि कुठल्या चार सरावाच्या, ते आपण मिळून ठरवू.

तुझा,
मामा