कोंबड्यांना पेंड घालताना

पोरी, आता खुराडं तू सांभाळणार, तेव्हा पेंडीच्या चार गोष्टी नीट ऐकून ठेव. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. मक्यात ती जेमतेम ९ टक्के. बाकीची भर पेंडीनं घालायची. पण पेंड पारखून घेतली नाहीस, तर तीच कोंबडीचा घात करते.

पोतं उघडलंस की आधी आत हात घाल. ओलसर किंवा गरम लागलं तर परत पाठव. मग ढेपेचा तुकडा मोड आणि नाकाशी धर. ताज्या शेंगदाणा पेंडीला दाण्याचा वास येतो. खवट, कुबट वास आला किंवा आत हिरवट भुरी दिसली, तर ती कोंबडीलाही नको आणि गाई-म्हशींनाही नको. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, धुऊन-वाळवून जात नाही. कोंबडीचं यकृत बिघडतं, अंडी घटतात. भुरी दिसली नाही तरी विष असू शकतं, म्हणून शेंगदाणा पेंड बेतानंच घाल.

घाण्याच्या पेंडीत तेल राहतं, ती लवकर खवट होते. पावसाळ्यात पंधरवड्यापुरतीच आण. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेव.

एकाच पेंडीवर भिस्त ठेवू नकोस. सोयाबीनमध्ये लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. तिळाचं नेमकं उलटं. दोन्ही मिळून एकमेकींची उणीव भरून काढतात. कच्चं सोयाबीन मात्र भरडून घालू नकोस, त्यानं प्रथिनांचं पचन अडतं. सूर्यफूल आणि करडईच्या पेंडीत टरफल असतं, म्हणून त्या थोड्याच घाल.

सरकी पेंड म्हशीला चालते, अंड्याच्या कोंबडीला नको. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे ठेवलेल्या अंड्यातला बलक हिरवट पडतो, तर तिच्यात उरलेल्या तेलामुळे पांढरं गुलाबी होऊ शकतं. असं अंडं गिऱ्हाईक पुन्हा घेत नाही. जवसाची पेंड चिमूटभरच. एरंडाची पेंड विषारी आहे, तिचं पोतं खुराड्याच्या आसपासही ठेवू नकोस. एरंड आणि निंबोळीची पेंड शेतात खत म्हणून घाल.

१०० किलो खाद्याचा अंदाज असा: मका ५५, सोया पेंड १८, तीळ पेंड ५, भाताचा कोंडा १०, शिंपल्यांचा भरडा ९, खनिज मिश्रण आणि मीठ मिळून ३ किलो. शिंपल्यांत काटकसर नको, कवच त्यावरच घडतं. पेंड बदलायची असेल तर आठवडाभर जुन्यात नवी थोडी थोडी मिसळ. एकदम बदललीस की अंडी उतरतात.

स्वस्त पेंड दिसली म्हणून घेऊ नकोस. ताजी, कोरडी आणि मिसळून घातलेली पेंडच शेवटी स्वस्त पडते.