पुनवेच्या आठवड्यात जाळं कधी टाकायचं?



"पुनव जवळ आली, आता आठवडाभर जाऊन काय उपयोग? तेल फुकट जळतं." हे आपल्या प्रत्येक जेटीवर ऐकू येतं, आणि त्यात तथ्य आहेच. पण त्या एका वाक्यावर आपण महिन्यातले सात-आठ दिवस होडी बांधून ठेवतो, आणि अवसेला मात्र काहीही न बघता सगळेच बाहेर पडतो. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

आजच्या धड्यात सांगायचं ते एवढंच: पुनव वाईट आणि अवस चांगली असं म्हणून थांबू नका. जवळजवळ प्रत्येक रात्रीत एक तुकडा उजेडाचा आणि एक काळोखाचा असतो. काळोखाचा तुकडा कधी येतो ते आधी काढा, मग जाळं टाकायची वेळ ठरवा.

१. चांदण्यात मासळी कमी का लागते?

समुद्रात बारीक जीवांचा थर असतो. दिवसा तो खाली राहतो आणि काळोख पडला की वर येतो. तारली, बांगडा त्याच्या मागे वर येतात. चांदणं लख्ख असलं की हा थर पूर्ण वर येत नाही, मासळीही खाली राहते किंवा पांगते. वरच्या पाण्यात लावलेलं जाळं मग रिकामं येतं.

दुसरं कारण जाळ्याचं. कांडाळीत मासा अडकतो तो जाळं न दिसल्यामुळे. स्वच्छ पाण्यात वरून चांदणं पडलं की धागा त्याला दिसतो आणि तो वळतो.

तिसरं कारण आपल्या डोळ्यांचं. काळोखात थवा हलला की पाणी चमकतं आणि त्या चमकेवरून जुने तांडेल थवा ओळखतात. ही चमक पाण्यातल्या सूक्ष्म जीवांची असते. चांदण्यात ती दिसेनाशी होते. म्हणजे थवा तिथे असला तरी आपल्याला कळत नाही.

२. चंद्र किती वाजता?

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो. एवढं लक्षात ठेवलं की भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथीवरून काम होतं. सणांनी तर हे आपल्याला आधीच शिकवलंय. कोजागरीला चंद्र संध्याकाळी वर येतो आणि रात्रभर असतो. संकष्टीला उपवास सोडायला चंद्राची वाट बघावी लागते, तो नऊच्या आसपास येतो. गोकुळाष्टमीला कृष्णजन्माच्या वेळी, मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. हेच गणित दर महिन्याला चालतं:

• शुद्ध पंचमी: चंद्र दहाच्या सुमारास मावळतो, पुढे पहाटेपर्यंत काळोख.
• शुद्ध अष्टमी: मध्यरात्रीपर्यंत चांदणं, नंतर काळोख.
• शुद्ध एकादशी: तीनच्या सुमारास मावळतो, पहाटे दोन-अडीच तास काळोख.
• पौर्णिमा: रात्रभर उजेड.
• वद्य तृतीया: चंद्र साडेआठ-नऊला उगवतो, त्याआधी तासभर चांगला काळोख.
• वद्य अष्टमी: मध्यरात्रीपर्यंत काळोख, नंतर चांदणं.
• वद्य एकादशी: रात्रीचा मोठा भाग काळोख, पहाटे चंद्राची कोर.
• अमावास्या: रात्रभर काळोख.

ऋतूप्रमाणे यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो. पण मुद्दा बघा: शुद्ध पक्षात काळोख पहाटेकडे असतो, वद्य पक्षात संध्याकाळकडे. म्हणून पुनवेआधी पहाटेचं जाळं, पुनवेनंतर सांजेचं जाळं. पुनवेनंतर दोन-तीन दिवसांनी "अजून चांदणं आहे" म्हणून घरी बसणारा माणूस संध्याकाळचा तो एक तास हातचा घालवतो. आणि तेव्हा न जाता रात्री दहाला जाणारा तर तेलही घालवतो.

३. अर्धा चंद्र म्हणजे अर्धा उजेड नव्हे

अष्टमीला चंद्र अर्धा दिसतो, पण त्याचा उजेड पुनवेच्या साधारण एक-दशांशच असतो. कारण अर्ध्या चंद्रावर ऊन तिरकं पडतं आणि तिथल्या डोंगरांच्या, खड्ड्यांच्या सावल्या आपल्याला दिसतात. पुनवेला त्या सावल्या जवळजवळ नाहीशा होतात. पुनवेपासून दोन-तीन दिवस पुढे-मागे गेलं तरी उजेड निम्म्याच्या आसपास उतरतो. म्हणजे खरोखर लख्ख रात्री महिन्यात पाच-सहाच, आठ-दहा नव्हेत.

चंद्राची उंचीही बघा. क्षितिजाजवळच्या चंद्राचा उजेड पाण्यावरून बराचसा परततो, डोक्यावरच्या चंद्राचा खोल उतरतो. मार्गशीर्ष-पौषातली पुनव मध्यरात्री आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर येते आणि आभाळही निरभ्र असतं. त्या रात्री सगळ्यात अवघड. उलट पावसाळ्यानंतर मांडवी-जुवारीच्या मुखाशी पाणी गढूळ असतं, तिथे चांदणं फार खाली जात नाही. ढगाळ रात्रही तशीच.

४. भरती वेगळी, उजेड वेगळा

इथे बरेच जण गोंधळतात. पुनवेला मासळी कमी लागली तर दोष चांदण्याला द्यायचा की उधाणाच्या ओढीला? उधाण पुनवेला येतं तसंच अवसेलाही येतं. दोन्ही रात्री पाण्याची ओढ जवळपास सारखी, फरक उजेडाचा. तेव्हा त्याच जागी, त्याच जाळ्याने दोन्हीकडची मासळी ताडून बघा. अवसेला चांगली आणि पुनवेला कमी लागली तर कारण बहुधा चांदणं. दोन्हीला कमी, पण भांगाच्या दिवसांत म्हणजे अष्टमीच्या आसपास चांगली लागली, तर कारण ओढ. मग दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

५. कुठल्या साधनाला काय

कांडाळ: लख्ख रात्री जायचंच असेल तर जाळं वर ठेवू नका. बोयांच्या दोऱ्या लांब करून ते काही वाव खाली उतरवा. काळोखातही पाणी फार चमकत असेल तर जाळं हलताना तेही चमकतं आणि माशाला दिसतं. अशा वेळी जागा बदललेली बरी.

पर्ससीन: थवा डोळ्यांनी शोधायचा तर काळोखाचा तुकडाच धरा.

गळ: इथे चांदणं नेहमीच वैरी नसतं. डोळ्यांनी भक्ष्य हेरणाऱ्या शिकारी माशांना थोडा उजेड उपयोगी पडतो. कांडाळ ठेवून पुनवेच्या दोन रात्री गळ घेऊन बघायला हरकत नाही.

आणि दिव्यांचं बोलायलाच हवं. प्रखर एलईडी दिवे मासळी ओढतात ते भोवती काळोख असतो म्हणून. त्यामुळे असल्या बोटी नेमक्या आपल्याच कमाईच्या रात्री पाण्यात असतात. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडीच्या मासेमारीवर बंदी घातली आहे. "ते करतात म्हणून आपणही" हा मार्ग आपला नाही. लहान-मोठी सगळी मासळी एका दिव्याखाली गोळा करून उपसली तर पुढच्या हंगामात काळोख असेल, पण मासा नसेल.

६. अवसेची रात्र: कमाई आणि धोका एकत्र

काळोख सगळ्यात चांगला तो अवसेला, आणि उधाणही त्याच रात्री. आपल्याकडे अवसेची रात्रीची भरती अकराच्या आसपास भरते आणि मग पहाटेपर्यंत जोराची ओहोटी चालते. नेमकी वेळ भरतीच्या कोष्टकात बघा. आपण परततो तीही पहाटेच. बाहेर पडणारं पाणी आणि आत येणारी लाट नदीच्या मुखाशी भिडली की तिथे लाटा फुटतात, आणि काळोखात त्या दिसत नाहीत. तेव्हा पाणी उतरायच्या आत परता, नाहीतर ओहोटी संपेपर्यंत बाहेर थांबा. होडीचा दिवा चालू ठेवा, जाळ्याच्या टोकाच्या बोयावर लुकलुकणारा दिवा लावा, लाइफ जॅकेट अंगात असू द्या. मासळी भिते म्हणून दिवा बंद करून बसलेली होडी मोठ्या बोटीला दिसत नाही. एका रात्रीच्या मासळीसाठी घरचा माणूस पणाला लावायचा नाही.

७. आता वही काढा

आम्ही सांगितलं म्हणून मानू नका, आपल्या जाळ्यावर तपासा. साधी वही पुरे. दर खेपेला लिहा: तिथी, जाळं टाकल्याची आणि ओढल्याची वेळ, तेव्हा चंद्र वर होता की नव्हता, आभाळ, पाणी स्वच्छ की गढूळ, जागा, जाळं किती वाव खाली, मासळी किती किलो, तेल किती लिटर. घरातली शाळेत जाणारी मुलं हे आनंदाने लिहून देतील. आणि रिकाम्या हाताने आलात ती रात्रही लिहा, शिकवते तीच.

दोन पुनवा आणि दोन अवसा झाल्या की वह्या घेऊन सोसायटीच्या मिटिंगला या. एकाच्या वहीतून अंदाज येतो, पण दहा होड्यांच्या वह्या शेजारी ठेवल्या की आपल्या किनाऱ्याचं कोष्टक तयार होईल. मग पुढच्या हंगामात "पुनव आहे, जाऊन काय उपयोग" असं कुणी म्हटलं, तर त्याला वेळ दाखवता येईल: आज तृतीया, साडेसातला टाक, नऊच्या आत ओढ, आणि घरी जेवायला ये.