गिर्यारोहण आणि सॉफ्टवेअर टीम : 'मला अडलंय' म्हणायला आपण कधी शिकवणार?



आपल्या नांदेड-लातूरकडची कितीतरी लेकरं आज पुण्याला नाहीतर हैदराबादला सॉफ्टवेअर कंपन्यांत काम करतात. दिवाळीला माझा असाच एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. बारावी लातूरला, इंजिनिअरिंग नांदेडला आणि आता नोकरी पुण्यात. चहा घेता घेता म्हणाला, "सर, कामातली एक गोष्ट मला तीन दिवस कळतच नव्हती. विचारलं असतं तर दहा मिनिटांत झालं असतं. पण बाकीचे हसतील म्हणून गप्प बसलो. शेवटी अख्ख्या टीमला रात्रभर जागावं लागलं."

मी म्हणालो, "अरे, मग विचारायचं ना!"

तो हसला. "सर, तुमच्याच वर्गात शिकलो की. 'एवढंही येत नाही का?' हे तुमचं वाक्य अजून कानात आहे."

पोरगा गमतीनं बोलला, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. हा लेख त्यातूनच लिहितोय. टीमनं काम कसं करावं हे शिकायचं असेल तर डोंगर चढणाऱ्यांकडे बघावं, असं मला वाटतं. कारण तिथं लपवलेली अडचण थेट जिवावर बेतते.

शिखराच्या जवळून परत फिरलेले दोघं

एव्हरेस्टवर पहिलं पाऊल कुणी ठेवलं, असं वर्गात विचारलं की लगेच उत्तर येतं, तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी, २९ मे १९५३. पण त्याच मोहिमेतली आणखी एक जोडी आपण कधी शिकवत नाही. तिची नावं टॉम बोर्डिलन आणि चार्ल्स इव्हान्स. हिलरी-तेनसिंगच्या तीन दिवस आधी, २६ मे रोजी, हे दोघं दक्षिण शिखरापर्यंत पोहोचले. तिथून माथा उंचीनं साधारण शंभर मीटरच वर होता. तोपर्यंत इतक्या उंचावर माणूस कधी गेला नव्हता. पण दुपार झाली होती, दोघं दमले होते आणि ऑक्सिजनच्या यंत्रानं त्रास दिला होता. वर गेलो तर खाली येता येणार नाही, हा हिशेब त्यांनी केला आणि ते परत फिरले.

ते हरले का? बघा, पुढे काय झालं. परत येताना त्यांनी वाटेत ऑक्सिजनचे दोन नळे ठेवले होते, थोडा ऑक्सिजन शिल्लक असलेले. हिलरी-तेनसिंगला ते वर जाताना दिसले आणि शिखरावरून उतरताना त्यांनी तेच वापरले. पुढची कड कशी दिसते, हेही या पहिल्या जोडीनं खाली येऊन सांगितलं होतं. मोहिमेचे नेते जॉन हंट स्वतः शिखरावर गेलेच नाहीत. दा नामग्याल या शेर्पासोबत त्यांनी सुमारे ८,३०० मीटरपर्यंत सामान वाहून नेलं, वरच्या तळासाठी.

म्हणजे शिखरावर दोघं पोहोचले, पण तिथं पोहोचवलं सगळ्या टीमनं.

आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण घ्या. पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेच्या मोहिमेत, उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, २०१२ मध्ये ८ जणांनी एव्हरेस्ट सर केलं. पुढे १५ मे २०१९ रोजी याच संस्थेचे १० गिर्यारोहक कांचनजुंगाच्या माथ्यावर पोहोचले. ८,५८६ मीटर उंचीचं हे जगातलं तिसरं शिखर. अशा मोहिमेत एका दमात कुणी वर जात नाही. थोडं वर चढायचं, खाली येऊन झोपायचं, पुन्हा थोडं अधिक वर जायचं. विरळ हवेची शरीराला सवय अशीच होते. ८,००० मीटरच्या वर समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांशच ऑक्सिजन मिळतो. तिथं घाईला जागा नसते.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ

चांगली सॉफ्टवेअर टीमसुद्धा असंच काम करते. वर्षभराचं काम एकदम ग्राहकापुढे ठेवत नाही. छोटा तुकडा तयार करायचा, तपासायचा, सुरू करायचा आणि काही बिघडलंच तर जुनी आवृत्ती परत कशी लावायची हे आधीच ठरवून ठेवायचं. त्याला ही मंडळी 'रोलबॅक' म्हणतात. आपल्या भाषेत, परतीची वाट. रोज सकाळी उभ्या-उभ्या पंधरा मिनिटांची बैठक होते. काल काय केलं, आज काय करणार आणि कुठं अडलंय, एवढंच बोलायचं. त्यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा.

तो प्रश्न दबला की काय होतं? अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर व्यवहार करणारी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यांनी नवा प्रोग्राम सुरू केला. तो ८ सर्व्हरवर बसवायचा होता, पण एका सर्व्हरवर राहून गेला. तिथं जुनाच प्रोग्राम जागा झाला आणि भराभर चुकीचे सौदे करू लागला. साधारण ४५ मिनिटांत कंपनीचं ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झालं. बाजार उघडण्याआधी यंत्रणेनं बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल पाठवले होते. कुणी त्यांची दखल घेतली नाही. घाबरून दुरुस्ती करताना नीट चालणाऱ्या ७ सर्व्हरवरूनच नवा प्रोग्राम काढला गेला आणि गोंधळ वाढला. माणसं हुशारच होती. पण परतीची वाट ठरलेली नव्हती आणि इशारा ऐकणारं कुणी नव्हतं.

आणि आपला वर्ग?

आपण लेकरांना काय शिकवतो? आपल्याकडं 'लातूर पॅटर्न'चा अभिमान आहे आणि तो असावाच. मेहनत, शिस्त, सराव या गोष्टींनी खेड्यातली लेकरं डॉक्टर-इंजिनिअर झाली. पण तिथं उत्तरपत्रिका एकट्याची असते, गुण एकट्याचे असतात. शेजारच्याला मदत केली तर आपलाच नंबर मागं जाईल, ही भीतीही लेकरू नकळत शिकतं. मग बावीसाव्या वर्षी त्याला बारा जणांच्या टीममध्ये बसवलं की ते अडचण लपवतं. त्यात दोष एकट्या लेकराचा नाही.

मागे आम्ही आठवीची सहल माहूरला नेली होती. गडावर चढताना एका मुलीच्या पायाला फोड आले. तिनं सांगितलंच नाही. संध्याकाळी चप्पल काढली तेव्हा कळलं. "का नाही सांगितलं गं?" तर म्हणाली, "माझ्यामुळं सगळ्यांना थांबावं लागलं असतं." तेव्हा मी तिला सोशिक म्हणून शाबासकी दिली होती. आज वाटतं, शाबासकी चुकीच्या गोष्टीला दिली.

वर्गात आणि घरात करून पाहा

१. वळायची वेळ आधी ठरवा. सहल असो की विज्ञान प्रदर्शनाचा प्रकल्प, "अमुक दिवसापर्यंत हे चाललं नाही तर सोपा नमुना करायचा" हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहा. ऐन वेळी असा निर्णय होत नाही, कारण तेव्हा माथा डोळ्यांपुढं दिसत असतो.

२. वेग मागच्याचा धरा. चढताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढं ठेवा आणि शिक्षकांनी शेवटी चाला. गटकार्यातही सगळ्यात कमी समजलेल्या मुलानं प्रकल्प समजावून सांगायचा. त्याला सांगता आलं तरच गटाचं काम पूर्ण.

३. रोज पाच मिनिटं 'कुठं अडलंय?' विचारा. आधी शिक्षकानं आपली अडचण सांगायची. मी एकदा म्हणालो, "मला या गणिताची दुसरी पद्धत येत नाही, कुणाला येते का?" त्या दिवशी कधी न बोलणारे दोन हात वर आले.

४. मागून येणाऱ्यासाठी काहीतरी ठेवा. प्रकल्प संपला की काय चुकलं, काय जमलं, हे गटानं एका पानावर लिहून पुढच्या वर्गाला द्यायचं. बोर्डिलन-इव्हान्सच्या नळ्यांसारखं.

पालकांना एकच विनंती. लेकरू सुट्टीला घरी आलं की पगार, बढती, परदेश हे विचाराच, पण एकदा हेही विचारा, "बाळा, काम कुठं अडतं का? सांगायला कुणी आहे का तिथं?"

माझ्यापुरतं सांगतो. 'एवढंही येत नाही का?' हे वाक्य मी सोडायचं ठरवलंय. तीस वर्षांची सवय आहे, अजूनही कधीकधी तोंडात येतं. मग मीच वर्गापुढं म्हणतो, "चुकलो, परत फिरतो." लेकरं हसतात. हसू द्या. परत फिरण्यात लाज नसते, हे त्यांना कुणीतरी करून दाखवायलाच हवं.