चिठ्ठी मागायला गेलो गोळीची!

संपादकांनी या सदरासाठी लेख मागितला तेव्हा मी 401-के वर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. विषय जरा वेगळा निघाला आहे. संकोच मलाही आहे, पण लिहितो.

गेल्या वर्षी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, मी डॉक्टरांकडे व्हायग्रा मागायला गेलो. कामाचा ताण, रात्री पुण्याच्या टीमबरोबरचे कॉल्स, अशी कारणं मी स्वतःला देत होतो. बायकोला वाटत होतं, आपल्यातच काही कमी आहे. सात-आठ महिने आम्ही दोघांनी या विषयावर तोंड उघडलं नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीआधी रक्त तपासायला लावलं. एचबीए1सी आलं 8.9! साडेसहापासून मधुमेह धरतात. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा अरुंद, म्हणून बिघाड पुष्कळदा तिथे आधी दिसतो, हे मला तेव्हा कळलं. आपल्या लोकांत मधुमेह लवकर येतो, तेव्हा ही तक्रार नुसती 'त्या'बद्दलची समजू नये.

आता गोळीबद्दल. फायझरच्या इंग्लंडमधल्या सँडविच इथल्या प्रयोगशाळेत सिल्डेनाफिलवर काम चाललं होतं ते अंजायनासाठी. तिथे ते फारसं उपयोगी पडलं नाही, पण चाचणीतल्या पुरुषांनी भलताच परिणाम सांगितला! मार्च 1998 मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. आम्हा प्रोग्रॅमर मंडळींच्या भाषेत सांगायचं तर, मनात इच्छा आली की नसांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्यातून सीजीएमपी तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. पीडीई-5 नावाचं एन्झाइम ते सीजीएमपी मोडतं. गोळी त्या एन्झाइमला अडवते. म्हणजे ती सिग्नल टिकवते, निर्माण करत नाही. साधारण तासभर आधी घ्यायची. तुपकट जेवणावर घेतली तर उशिरा लागू पडते. 2003 साली आलेल्या सिआलिसचा असर 36 तासांपर्यंत राहतो.

खरा धोका इथे आहे. माझ्या बाबांच्या खिशात सॉर्बिट्रेट असते, छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायला. ही नायट्रेटची गोळी आणि व्हायग्रा एकत्र आल्या तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. इमर्जन्सीत जावं लागलं तर लाज सोडून सांगावं, कोणती गोळी कधी घेतली ते.

स्त्रियांचं गणित निराळं. 2015 मध्ये मान्य झालेली ॲडी मेंदूवर काम करते, रोज रात्री घ्यावी लागते आणि तिचा परिणाम बेताचाच. दारूच्या जोडीने घेतली तर भोवळ येऊ शकते. पाळी गेल्यानंतर मात्र अडचण बरेचदा इच्छेची नसते, कोरडेपणाची आणि दुखण्याची असते. त्यावर योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम चांगलं काम करतं. ते विचारायला बायका जास्तच लाजतात.

पैशाचं थोडक्यात. डिसेंबर 2017 पासून इथे जेनेरिक सिल्डेनाफिल मिळतं, ब्रँडच्या मानाने पुष्कळ स्वस्त. 2007 पासून मेडिकेअर पार्ट डी या तक्रारीसाठी पैसे देत नाही. खाजगी विम्याचं आधी विचारून घ्यावं.

माझं एचबीए1सी आता 6.8 आहे. गोळीची चिठ्ठीही मिळाली. हा लेख बायकोने आधी वाचला, दोन वाक्यं खोडली, आणि मगच पाठवतो आहे.