यंदाच्या शिबिराला बासरीवाल्या काकांना बरोबर न्या



हिवाळा आला की शाळेत शिबिराची गडबड सुरू होते. तंबू, सतरंज्या, शेकोटीची लाकडं, जेवणाची यादी असं सगळं ठरतं. यंदा या यादीत एक माणूस वाढवा: बासरी बनवणारा कारागीर. शहागंजसारख्या गर्दीच्या बाजारात उंच दांड्याला बासऱ्या खोचून जो फिरताना दिसतो, तो पुष्कळदा स्वतःच कारागीर असतो. मुलं त्यांना काका म्हणोत की चाचा, त्यांच्याकडे विज्ञान आणि गणिताचे तास भरतील एवढं ज्ञान आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांकडे शिकावं असं सुचवलं आहे. शिबिराचे दिवस त्यासाठी उत्तम.

आधी वर्गात: बासरी कशी बनते?

बांबू हे झाड नसून गवत आहे, इथून सुरुवात करा. आपल्याकडच्या जंगलातला मानवेल बांबू जाड सालीचा, बऱ्याचदा भरीव असतो. तो काठीला चांगला, बासरीला नाही. बासरीला पातळ सालीचं, दोन गाठींमधलं लांब, सरळ पेर लागतं. म्हणून असा बांबू आसामसारख्या दूरच्या भागातून येतो.

बांबू नीट वाळवावा लागतो, नाहीतर पुढे तडकतो. मग मापं घेऊन खुणा करायच्या आणि तापलेल्या सळईने भोकं पाडायची. साध्या बासरीला फुंकायचं एक आणि बोटांची सहा. भोक थोडं मोठं केलं की स्वर चढतो. पण चढलेला स्वर खाली आणणं अवघड, म्हणून कारागीर भोक आधी लहानच ठेवतो आणि वाजवून बघत बघत वाढवतो. शेवटी घासकाम, आणि तडकू नये म्हणून दोऱ्याचे वेढे.

मग फळ्यावर हिशोब

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. समजा काकांनी ३० रुपयांना एक अशी २० पेरं आणली: ६०० रुपये. कोळसा, दोरा वगैरे ८० रुपये. चार पेरं तडकली, १६ बासऱ्या झाल्या. बनवून विकायला दोन दिवस लागले.

८० रुपयांना एक विकली तर आले १२८०. खर्च ६८० वजा केला की उरले ६००, म्हणजे दिवसाला ३००.

आता प्रत्येक गिऱ्हाईकाने फक्त १० रुपये कमी करून घेतले तर? १६० रुपये गेले, उरले ४४०, म्हणजे दिवसाला २२०. किंमत साडेबारा टक्क्यांनी उतरली, पण कमाई जवळपास २७ टक्क्यांनी घटली! हे गणित मुलांनाच सोडवू द्या. आपण काही बोलायची गरज नाही.

शिबिरात काय करायचं?

शहागंजपासून म्हैसमाळ सुमारे ४० किलोमीटर, दौलताबाद-खुलताबादवरून. तिथे हे तीन प्रयोग सहज होतात.

१. सगळी भोकं झाकून फुंका, मग टोकाकडून एकेक उघडा. हवेचा स्तंभ आखूड होतो आणि स्वर चढतो.

२. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर धरा. फुंकायच्या भोकापासून टोकापर्यंत ३४ सेंमी असेल, तर लहर दुप्पट म्हणजे ६८ सेंमी. ३४० ला ०.६८ ने भागलं की सेकंदाला ५०० कंपनं. प्रत्यक्षात स्वर थोडा खाली येतो. "पण एक टोक तर बंद आहे ना?" असं कोणीतरी विचारेलच. फुंकायचं भोक हेच उघडं टोक, हे दाखवा.

३. मोबाइलच्या ट्यूनर ॲपवर एकच स्वर पहाटेच्या थंडीत आणि दुपारी मोजा. तापमान एक अंशाने उतरलं की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने घटतो, म्हणून पहाटे बासरी किंचित उतरलेली वाजते.

सळईचं काम फक्त काकांनीच करायचं, मुलांनी मापं घ्यायची आणि पॉलिश पेपरने घासायचं. जंगलातला बांबू तोडायचा नाही. २०१७ च्या दुरुस्तीने फक्त जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळला आहे. तेव्हा पेरं काकांकडूनच विकत घ्या.

परतताना वेळ असेल तर बीबी का मकबऱ्यामागच्या औरंगाबाद लेण्यांत, ७ क्रमांकाच्या लेणीत थांबा. तिथे नर्तकीभोवती वादक स्त्रिया कोरल्या आहेत. कोणाच्या हातात कोणतं वाद्य आहे, ते मुलांना शोधायला लावा.

सर्वांत महत्त्वाचं

शिबिराला आलेले दोन दिवस काकांचा धंदा बंद असतो. "मुलांना कला दाखवा, तुमचंही नाव होईल" एवढ्यावर त्यांना बोलवू नका. बाहेरून आलेल्या व्याख्यात्यांना आपण पाकीट देतोच ना? मग काकांना त्यांची दिवसाची कमाई आधी विचारा, त्याहून थोडं जास्त मानधन ठरवा आणि प्रवास-जेवण वेगळं धरा. शिबिराच्या फलकावर त्यांचं नाव "मार्गदर्शक" म्हणून लिहा.

आणि पालकहो, पुढच्या वेळी बाजारात मूल बासरी मागेल तेव्हा घासाघीस करण्याआधी त्याच्याकडे बघा. वरचं गणित त्याने सोडवलेलं असेल.