श्रम आणि समाजातील स्थान

शंका : जो श्रम करीत नाही, त्यास समाजात स्थान असावे काय?

समाधान : शक्ती व संधी असूनही काम टाळणे, हा दोष होय. परंतु काम न मिळणे, किंवा देह थकल्याने काम न होणे, यांस दोष म्हणता येत नाही. हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा.

१९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी शेतकरी व मजूर खडी फोडावयास गेले. ते आळशी नव्हते. शेतात कामच उरले नव्हते. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला व १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण प्रौढाने काम मागावे, ते न मिळाल्यास शासनाने बेकारी भत्ता द्यावा, असे त्यात ठरले. अर्थात, काम पुरविणे हे समाजाचे देणे झाले. परंतु अंध, अपंग, जराजर्जर यांच्या हाती कुदळ देऊन काय उपयोग? अशांसाठी १९८० साली संजय गांधी निराधार अनुदान योजना आली.

आता साधकाने स्वतःकडे पाहावे. भिक्षुक नांगर धरीत नाही. त्याची झोळी गृहस्थाच्या घामाने भरते. सर्वज्ञांनी तर चारही वर्णांच्या घरी भिक्षा करण्याची आज्ञा दिली. तेव्हा मजुरास हीन लेखण्याचा, अथवा घरातील वृद्धास ‘बसून खातो’ म्हणण्याचा अधिकार आपणांस कोठून आला? श्रम देहाकडून घडतो, आणि देह आज ना उद्या थकतो. स्थान मात्र जीवाचे आहे. ते देहाच्या बळावर मोजू नये.