न दुखणारी गाठ

जी गाठ दुखत नाही ती निरुपद्रवी, अशी जी समजूत आमच्या केळशीच्या माजघरांतून पिढ्यानपिढ्या चालत आली आहे, तिची मला द्यावी लागलेली किंमत अन्य कोणा भगिनीस द्यावी लागू नये, एवढ्याच हेतूने ही कैफियत लिहीत आहे.

महालक्ष्मीचा चैत्रातला उत्सव तोंडावर आला असता स्नानाच्या वेळी डाव्या स्तनात काही कठीण हाताला लागले. ते मी त्याच दिवशी घरात सांगितले. परंतु ज्यांच्या शब्दाला आमच्याकडे मान, त्या वडीलधाऱ्या बायकांनी ‘दुखत नाही ना, मग जिरेल आपोआप’ असा निर्वाळा दिला, आणि पुढे ज्या गृहस्थांकडे मला नेण्यात आले, त्यांनी कसलीही तपासणी न करता लेप देऊन पावसाळा सरेपर्यंतची मुदत मागून घेतली. भाद्रपदात गौरी आल्या तेव्हा त्वचा संत्र्याच्या सालीसारखी झाली होती आणि काखेतही गाठ लागत होती. मग दापोली, तेथून परळचे टाटा रुग्णालय, शस्त्रक्रिया, केमो, किरणोपचार.

प्रारंभी कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही, आणि वेदनेचा हा अभावच तिचे सर्वांत घातक लक्षण होय. स्तनाग्र आत ओढले गेले, त्यातून रक्तमिश्रित स्राव आला, त्वचेला खळी पडली, तर दिरंगाई न करता डॉक्टरांस दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण तो निवाडा सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि सुईने काढलेल्या तुकड्याच्या परीक्षणानेच होतो, लेपाने नव्हे. सुई टोचल्याने रोग पसरतो, ही भीती तर सर्वथा निराधार आहे.

यंत्रावाचून काहीच होत नाही, असेही समजू नये. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ साली मुंबईतील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा जो अभ्यास आरंभिला, त्यात निम्म्या स्त्रियांची तपासणी प्रशिक्षित सेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने केली, आणि वीस वर्षांनी पाहता पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. पन्नाशीच्या आत तसा लाभ दिसला नाही. म्हणून तरुण स्त्रियांनी तपासणीची वाट न पाहता, शंका येताच उठावे. सरकारी कार्यक्रमानुसार तिशीपुढील स्त्रियांची अशी तपासणी होते. आशाताई त्यासाठी बोलवावयास आल्या तर त्यांना ओटीवरूनच परतवून लावू नये.

आता दोन शब्द गावकऱ्यांस. उपचार करून परतलेल्या बाईला दयेची नव्हे, पूर्वीच्याच वागणुकीची गरज असते. हा रोग स्पर्शाने लागत नाही. तिला हळदीकुंकवातून वगळणे, तिच्या मुलीच्या सोयरिकीत कुजबुज करणे, हे शस्त्रक्रियेहून अधिक झोंबते, हे मी भोगून सांगते. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूचा हात सुजू शकतो, त्याला जखम होऊ देऊन चालत नाही. तेव्हा शेजारणीने तिची मासळी साफ करून दिली, पाण्याची कळशी उचलली, तर ते मोठे साह्य होय. खर्चाची तजवीज महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होऊ शकते, त्याकरिता शिधापत्रिका व दाखले आधीच काढून ठेवावे. आणि मुंबईत उतरण्यास दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांना व त्यांच्या माणसांना आश्रय देते.

केळशीत वा पंचक्रोशीत जिला शंका असेल, आणि एकटीने जाण्याचा संकोच वाटत असेल, तिने मला निरोप धाडावा. मी तिच्यासोबत दापोलीस येईन.